डाव्या दाढेचं मौन

दाढ दुखायला लागली तेव्हा माझं मौन चालू होतं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

रोज सकाळी आंघोळ झाली की दहा वाजेपर्यंत मी बोलत नाही. त्या वेळेत प्रार्थना होते, जप होतो, दिव्याची वात होते, आणि दूध तापवणं, केर काढणं, यांचा डबा भरणं हेही होतं. कारण आपण मौनात आहोत म्हणून देव काही स्वयंपाकघरात बदली माणूस पाठवत नाही. माझे नियम तसे कडक आहेत. बोलायचं नाही, हुंकार द्यायचा नाही, लिहूनही दाखवायचं नाही. लिहिणं म्हणजे हाताने बोलणंच की. मान हलवण्याची आणि बोट दाखवण्याची तेवढी सूट ठेवली आहे, नाहीतर दूधवाला दारातून हलणार नाही.

मौन म्हटलं की लोकांना मनःशांती आठवते. असेलही ती, डोंगरावर. आमच्या घरात नेमकी तीच वेळ सासूबाईंची बोलण्याची. सासूबाई प्रेमळ आहेत, हे आधीच सांगते. मी आजारी पडले तर त्या उशाशी बसून राहतात. फक्त बसल्या बसल्या, मी आजारी का पडले त्याची कारणं सांगत राहतात. सकाळी त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि माझ्या पाठीशी बोलतात. दूध उतू गेलं की म्हणतात, जाऊ दे, शेगडीलाही तहान लागत असेल. केर काढला की म्हणतात, कोपऱ्यांना आज सुट्टी दिलेली दिसते. अशा वेळी एखादं उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसतं. आणि माझी उत्तरं, देवाने क्षमा करावी, फार चांगली असतात.

त्या उत्तरांना आवरायला मी एक उपाय काढला होता. मौन सुरू झालं की साखरेचा एक खडा डाव्या गालात ठेवायचा. तो विरला की दुसरा. तोंडात गोड असताना कडू शब्द बाहेर पडत नाही, असा माझा अनुभव होता, आणि त्या खड्यांच्या जोरावर आमचं घर बरीच वर्षं शांत राहिलं होतं. खड्यांची बरणी दिव्याच्या फळीवर असते. ती माझ्या अंदाजापेक्षा नेहमी लवकर रिकामी व्हायची. मी मुंग्यांना बोल लावायची आणि फळीभोवती खडूची नवी रेघ ओढायची.

तर त्या सकाळी सासूबाई माझ्या भांडी विसळण्यावर काहीतरी बोलत होत्या. मी गार पाण्याचा घोट घेतला, आणि खालच्या डाव्या दाढेत कोणीतरी गरम सळई खुपसावी तसं झालं. मी ओट्याची कड धरून डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी आलं.

"लागलं वाटतं माझं बोलणं," सासूबाई म्हणाल्या. आवाजात जरा समाधान होतं.

दहा वाजल्यावर मी दाढेचं सांगितलं तेव्हा त्यांची निराशा झाली. मग त्यांनी आपलं तोंड उघडून मला त्यांचे दात दाखवले. सासूबाईंचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत आणि ही गोष्ट घरी आलेल्या प्रत्येकाला कळेल याची त्या काळजी घेतात. गॅसवाल्यालासुद्धा माहीत आहे. दातांबद्दल त्यांचं मत असं, की ते खाण्याने किडत नाहीत, मनात ठेवण्याने किडतात. जी माणसं बोलून मोकळी होत नाहीत त्यांचे दात आतून पोखरतात. मी काही बोलले नाही. मौन संपलं होतं, तरीही.

मला दाढेपेक्षा अपमान जास्त ठणकत होता. दोन वेळा दात घासणारी, कोणाला वाकडं न बोलणारी मी, आणि कीड माझ्याच तोंडात. मला पापपुण्याचा हिशेब देवाकडे मागायचा नव्हता, पण चौकशी करावीशी वाटत होती.

समोरच्या बिऱ्हाडातल्या मावशींना आम्ही घरात दवंडी मावशी म्हणतो. त्या दार न वाजवता येतात. त्यांनी लवंग सांगितली, मिठाच्या गुळण्या सांगितल्या, इथवर ठीक होतं. मग त्यांनी डोकेदुखीची गोळी चुरून हिरडीवर ठेवायला सांगितली. त्यांच्या भावाच्या साडूला एका तासात गुण आला होता. मला एका तासात हिरडीला पांढरा चट्टा आला. दाढ आपली जागेवर दुखत होतीच, आता शेजारीही भाजलं. मावशींना दाखवलं तर म्हणाल्या, बघा, दुखणं बाहेर पडतंय.

सासूबाईंनी त्यांच्या गुडघ्याच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या काढल्या. गोळ्यांचा रंग उडाला होता. सूज ती सूज, गुडघ्याची काय आणि दाढेची काय, असं त्यांचं म्हणणं. मी एक गोळी हातात घेतली, त्यांच्यासमोर पाण्याचा पेला उचलला, आणि त्या वळल्या तेव्हा गोळी केराच्या डब्यात टाकली. हे खोटं बोलण्यात मोडतं का, यावर मी अजून विचार करते आहे.

राहता राहिले हे. आमच्या यांच्या कार्यालयात कर्मचाऱ्यांच्या औषधोपचाराची बिलं मंजूर होतात, आणि ती मंजूर करण्याचं, म्हणजे मुख्यतः न करण्याचं, काम यांच्या टेबलावर आहे. त्यामुळे घरात कोणी आजारी पडलं की यांच्या चेहऱ्यावर आधी काळजी येते आणि मागोमाग नियम येतात. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे जाऊ का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तो यादीतला नाही. उद्या माझ्याच टेबलावर माझंच बिल मला अडवावं लागेल. बरं दिसेल का ते?"

मग यादीतल्या दवाखान्यासाठी आधी कार्यालयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी. त्या डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजला, छाती तपासली, दीर्घ श्वास घ्यायला लावला, आणि तोंड न उघडायला लावता चिठ्ठीवर लिहिलं: दाढ. यादीतला दवाखाना यादीतल्या लोकांना फक्त सकाळी बघतो. दुपार रोख पैसेवाल्यांची. आणि सकाळ म्हणजे माझं मौन.

"एक दिवस नको पाळूस," हे म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, मौन म्हणजे नळ नव्हे, हवं तेव्हा बंद करायला."

बरोबर यायला यांना रजा नव्हती. सासूबाई तयार होत्या, पण बत्तीस दात घेऊन दातांच्या दवाखान्यात बसायला येणाऱ्या माणसामुळे बाकीच्या रोग्यांचं मन दुखावतं. मी एकटीच जाईन म्हटलं.

आदल्या संध्याकाळी तळमजल्यावरचे मोजणीकाका भेटले. ते जमिनीच्या मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेत आणि अजून जिना चढताना पायऱ्यांची रुंदी डोळ्यांनी मोजतात. त्यांनी जिन्यातच टॉर्च काढून माझं तोंड पाहिलं. दाढेच्या पूर्वेला भेग आहे, म्हणाले, आणि शेजारच्या दाढेने हद्दीत अतिक्रमण केलंय. मग माझ्या मौनाचं कळल्यावर ते गंभीर झाले.

"बोलणार नाही, मग दाखवणार कसं? ऐका. डावं-उजवं हे नेहमी बघणाऱ्याचं असतं. काउंटरवरचा माणूस तुमच्यासमोर बसणार. त्याचं डावं ते तुमचं उजवं. जगातले निम्मे हद्दीचे वाद यातूनच होतात. नेहमी समोरच्याच्या बाजूने दाखवावं."

मला ते फार पटलं. दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघावं, हे मी रोज प्रार्थनेत म्हणतेच. मी घरी आरशासमोर उभी राहून दोनदा सराव केला. डावी दाढ, म्हणून बोट उजव्या गालावर. समोरच्याला डावं. इतका साधा नम्रपणा आजवर आपल्याला सुचला नाही, याचं वाईट वाटलं.

दवाखान्याच्या काउंटरवर एक बाई बसल्या होत्या. त्यांचं पेन दोरीने टेबलाला बांधलेलं होतं. काय होतंय, असं त्यांनी विचारलं. मी तोंडाकडे बोट केलं. वरची की खालची, विचारलं. मी बोट खाली केलं. त्यांनी टेबलावरून वाकून खाली पाहिलं आणि सांगितलं, की खाली फक्त गाड्या लावायची जागा आहे. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, बोलता येत नसेल हो त्यांना. त्यावर बाई एकदम प्रेमळ झाल्या आणि मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलू लागल्या, जशी मी खिडकीच्या पलीकडे, रस्त्यावर उभी आहे. कु-ठ-ली बा-जू? मी त्यांच्या जागी उभं राहून विचार केला आणि माझ्या उजव्या गालावर बोट ठेवलं.

त्यांनी लिहिलं: उजवी, खालची.

एक्स-रेच्या खोलीत त्या माणसाने फिल्म माझ्या उजव्या दाढेपाशी धरली तेव्हा मी जरा चमकले. पण फोटोत डावं-उजवं उलटं होतं म्हणतात. तसंच काही शास्त्र असेल, म्हणून गप्प बसले. तशीही गप्पच होते. खडा डाव्या गालात सुखरूप होता.

आत एक तरुण डॉक्टर होते. त्यांच्या दाराबाहेरची रांग जिन्यापर्यंत गेली होती, म्हणून ते माणसाऐवजी फिल्म बघत होते. फिल्म उजेडाला धरून त्यांनी उजव्या दाढेवर छोट्या दांड्याने टक् केलं. दुखतं? मी मान हलवली, नाही. खोटं कसं सांगणार. तिच्या पुढची? नाही. मागची? नाही. मग मी दुसऱ्या बाजूला बोट न्यायला लागले, तर नर्सबाईंनी माझा हात धरून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, मावशी, मध्ये हात नको.

"दाढ उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी शिकाऊ मुलीला बोलावून माझी उजवी दाढ दाखवली. अशी दाढ हल्ली बघायला मिळत नाही, असं तिला सांगितलं. ती वाकून बघत राहिली. माझ्या तोंडातल्या एखाद्या गोष्टीचं एवढं कौतुक आयुष्यात झालं नव्हतं, आणि ते चुकीच्या दाढेच्या वाट्याला जात होतं. मग डॉक्टरांनी मला समजावलं, की कधीकधी मनावर ताण असला तरी दात दुखल्यासारखा वाटतो. हिरड्यांना चोळायला एक मलम लिहून दिलं आणि वर सांगितलं, "जरा मन मोकळं करत जा. बोलत जा कोणाशी तरी."

मी जिना उतरत होते तेव्हा खालच्या घड्याळात दहाचे ठोके पडले. दारात पहारेकरी बसला होता. मी त्याला म्हटलं, "दाढ डावी आहे." तो म्हणाला, "बरं."

परत वर गेले, तर काउंटरवरच्या बाई मला बोलताना ऐकून दचकल्या. आणि माझा नंबर होऊन गेला होता. यादीतल्या रोग्याची फेरतपासणी नव्या चिठ्ठीवर, आठ दिवसांनी.

घरी आले तर सगळ्यांना निकाल हवा होता. मी डाव्या-उजव्याचं सांगायला लागले, पण यांनी कागद वाचला: फिल्म स्वच्छ, दाढ निरोगी. यांच्या लेखी कागदावर आलेल्या गोष्टीपुढे तोंडातल्या गोष्टीला किंमत नाही. सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळी दाढा तोंडात दुखायच्या, आता मनात दुखतात म्हणे. दवंडी मावशी दारातच होत्या. संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं. जिन्यात लोक माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. वरच्या मजल्यावरच्यांनी तर दूरचित्रवाणीचा आवाज कमी केला, का तर मला त्रास नको. दाढ दुखत असताना वेडी ठरण्यासारखं दुःख नाही. दाढेला निदान लवंग असते.

मोजणीकाकांना मी झालं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, चूक काउंटरवाल्या बाईंची आहे, अपील करा.

चौथ्या दिवशी दुखणं थांबलं. हळूहळू नव्हे, एकाएकी, दिवा विझावा तसं. मी गार पाणी पिऊन पाहिलं, गरम पिऊन पाहिलं. काही नाही. श्रेय घ्यायला गर्दी झाली. मावशींची लवंग होती, यांच्या यादीतल्या दवाखान्याचं मलम होतं, सासूबाईंच्या गुडघ्याची गोळी होती. तिचा गुण तर डब्यात पडल्या पडल्या आला होता. मी मात्र सगळं श्रेय देवाला दिलं आणि कृतज्ञता म्हणून जपाची एक माळ वाढवली. माळ वाढली म्हणून मौन वाढलं, आणि मौन वाढलं म्हणून खडे वाढले.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी आरशात पाहिलं, तर माझा डावा गाल माझ्याआधी आरशात आला होता. डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत गोल, गरम, चकचकीत. मौन सुरू झालेलं, म्हणून मी सगळ्यांसमोर जाऊन नुसती उभी राहिले. हे माझ्याकडे बघत राहिले आणि पहिल्यांदाच त्यांनी योग्य प्रश्न विचारला: "डावी का?"

सासूबाईंनी उठून माझ्या कपाळाला हात लावला, ताप आहे का पाहिलं, आणि यांना म्हणाल्या, "चपला घाल. चिठ्ठीबिठ्ठी मला सांगू नकोस."

चिठ्ठी लागली नाही. तातडीच्या प्रकरणात चिठ्ठी मागाहून चालते, असा नियम होता आणि तो यांना पहिल्यापासून पाठ होता. फक्त यांच्या विभागात सूज ही तातडी समजतात, दुखणं ही तक्रार.

या वेळी मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या. केस पांढरे, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी फिल्म बघितली नाही, कागद बघितला नाही. खुर्ची मागे झुकवली, दिवा वळवला आणि तोंड उघडा म्हणाल्या. सुजेमुळे दोन बोटं मावतील एवढंच उघडलं. त्यांनी आत आरसा घातला, थबकल्या, मग चिमटा घातला आणि काहीतरी बाहेर काढून उजेडात धरलं. हिऱ्यासारखं चमकत होतं.

सवयीने ठेवला होता. गाल सुजला म्हणून काही व्रत सुजत नाही.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

हे पुढे झाले. "साखर असावी," म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. इथे काय करतेय?"

मग यांनी माझ्या मौनाचं सांगितलं, आणि सकाळभर एकामागून एक खडा असतो हेही सांगितलं. यांना ते माहीत होतं हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरीणबाईंनी खडा एका वाटीत ठेवला. ताप आला होता का, गिळताना अडतं का, श्वासाला त्रास आहे का, असं एकेक विचारत गेल्या, मी मान हलवत गेले. नाही, थोडं, नाही. वेळेवर आलात म्हणाल्या. गिळायला येईनासं झालं असतं किंवा श्वास लागला असता तर दाताचा दवाखाना नव्हे, थेट मोठं रुग्णालय गाठावं लागलं असतं. मग त्या माझ्या अंगावर वाकून, पोरीला शिकवावं तशा समजावू लागल्या. जंतू प्रत्येकाच्या तोंडात असतात, साधूंच्यासुद्धा. त्यांना गोड घातलं की ते आम्ल सोडतात, आणि आम्ल दात झिजवतं. जेवणाबरोबर खाल्लं तर लाळ धुऊन टाकते, पण तासन्‌तास एकाच कोपऱ्यात खडा ठेवला तर लाळ बिचारी काय करणार. दात पोखरत कीड आत शिरते. आत नस असते, तीच ठणकते. मग एक दिवस ठणका थांबतो.

"थांबला होता ना? तुम्हाला वाटलं बरं झालं," त्या म्हणाल्या. "बरं नव्हतं झालं. आतली नस मेली. ओरडणारं माणूस गेलं, घरात चोर तसेच."

मी वाढवलेल्या माळेचा विचार करत होते. ती आता श्राद्धाकडे वळवावी की काय, कळेना.

त्यांनी हिरडी बधिर केली, दाढेला वरून भोक पाडलं, आणि आत साठलेला पू बाहेर काढला. फार काही लागलं नाही. उलट गालावर ठेवलेला दगड कोणी उचलावा तसं हलकं वाटलं. नुसत्या गोळ्यांनी हे होत नाही, म्हणाल्या, घाण आत ठेवून वरून औषध म्हणजे बंद खोलीत उदबत्ती. आणखी दोन खेपा घालायच्या, मुळं साफ करून भरायची, वर टोपी बसवायची; दाढ राहील. शेजारच्या दोन दाढाही काळवंडायला लागल्यात, त्या वाचवता येतील, पण एका अटीवर.

"मौन ठेवा. साखर सोडा. आजपासून."

दोन शब्दांची अट. हे आनंदाने मान डोलावत होते, जणू मंजुरीच मिळाली. खुर्चीत पडल्या पडल्या मला मात्र खिडकीजवळची दुसरी खुर्ची दिसत होती. यांना काय माहीत, आमच्या घराची शांतता कशावर उभी होती. खडा नसेल तर उत्तरं अडणार नाहीत, उत्तरं सुटली तर मौन मोडणार, आणि मौन मोडून वर सासूबाईंना उलट बोललेली सून, तीही प्रार्थनेच्या वेळी. दाढ वाचवावी तर घर जातं.

दुसऱ्या दिवसापासून मी पर्याय शोधायला लागले. आधी लवंग ठेवली. लवंगेने जीभ आणखी तिखट झाली. उत्तरं दुप्पट वेगाने यायला लागली. मग यांच्या जुन्या कोटाचं बटण उकळून घेतलं. गोल, गुळगुळीत, गोडव्याचा प्रश्नच नाही. पहिल्याच सकाळी सासूबाई म्हणाल्या, आज दूध उतू गेलं नाही, तब्येत बरी नाही का. आणि मला आलेलं हसू आवरताना बटण घशाकडे घसरलं. सासूबाईंनी पाठीत बुक्के घालून ते बाहेर काढलं, जमिनीवरून उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "लोक सोनं गिळतात गं."

तेव्हा ठरवलं. रिकाम्या तोंडाने, देवाच्या भरवशावर.

पहिले दोन दिवस गेले. तिसऱ्या सकाळी मी दिव्याची वात करत होते. सासूबाई खुर्चीत बसून माझ्या टोपीच्या दाढेबद्दल बोलत होत्या. म्हणजे आता त्याच्या डबल रोटीसारखी तुझी दाढही कारखान्यातून येणार. आमचं बघ, या वयात बत्तीस. कधी डॉक्टर नाही, कधी मलम नाही. मी काही दातांचे लाड केले नाहीत, तरी...

"किडतील कसे," मी म्हटलं. "तुम्ही दातांना काम कुठे दिलंत? चावायचं सगळं काम जिभेवरच उरकलंत."

अगदी हळू म्हटलं. मी मोठ्याने बोलतच नाही. पण घरात असं शांत झालं, की दिव्याच्या वातीचा तडतडाट ऐकू आला. मला वळून बघण्याचं धाडस होईना. देवाची क्षमा मागायला लागले, तर आधी कोणत्या गुन्ह्याची मागावी, हेच ठरेना.

मागून आवाज आला. आधी वाटलं खोकताहेत. वळून पाहिलं, तर सासूबाई हसत होत्या, बत्तीसच्या बत्तीस दिसतील असं, पदर डोळ्यांना लावून.

"आली एकदाची," त्या म्हणाल्या. "मला वाटलं मी मरेपर्यंत भिंतीशीच बोलणार."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. त्या सांगत होत्या, की सकाळी बोलायला बाकी कोणी नसतं, हे पेपरात तोंड घालून बसतात, आणि मी पाठ करून गालात खडा फिरवत असते. किती वर्षं टोचून पाहिलं, एक तरी शब्द पडेल म्हणून. दूध उतू गेलं काय आणि न गेलं काय, त्यांना दुधाचं काहीच नव्हतं.

"तुझ्या मनात उत्तरं असतात हे मला दिसायचं गं. मान अशी ताठ व्हायची. म्हटलं, ऐकायला तरी मिळू दे."

त्या दिवशी मौन मोडलं ते मोडलंच. मी देवाशी वेगळी बोलणी केली आणि मौन दुपारवर नेलं. दुपारी सासूबाई झोपतात. साखर लागत नाही, बटण लागत नाही. सकाळी आम्ही दोघी बोलतो. यांच्या म्हणण्याप्रमाणे ते बोलणं भांडणासारखं ऐकू येतं, पण यांना नियम कळतात, माणसं जरा उशिरा कळतात. बरणी मी फळीवर आठवण म्हणून तशीच ठेवली. मुंग्यांचं काम मात्र चालूच होतं. पातळी खाली खालीच जात होती, खडूची रेघ असूनही.

टोपी बसवायच्या दिवशी सासूबाई बरोबर आल्या. डॉक्टरीणबाईंना खरे दात कसे असतात ते एकदा दाखवतेच, म्हणाल्या. माझं काम झाल्यावर त्या न सांगता खुर्चीत चढून बसल्या आणि तोंड उघडलं. डॉक्टरीणबाई कौतुकाने बघत गेल्या. वरचे छान, म्हणाल्या. पुढचे छान. उजवे फारच छान. मग खाली डावीकडे आरसा नेला, तिथे थांबल्या, दिवा जवळ ओढला, चष्मा सारखा केला.

"आजी," त्यांनी विचारलं, "तुम्हीही मौन पाळता का?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी छताकडे पाहिलं. मुंग्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

घरी पोहोचेपर्यंत सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांचं ते पहिलंच मौन, आणि तेही साखरेशिवाय.